पेठेतला जुना वाडा विक्रीला आहे : घ्यावा का, आणि आधी काय काय तपासावं?

माजघर (धागाकर्ता)
शनिवार पेठेत एक वाडा विक्रीला आहे. आतल्या बोळावर, बोळ साधारण पंधरा फुटी. जागा अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास. तळमजला आणि माडी, मधे चौक, मागे अर्धवट बुजलेला आड. खांब-तुळया सागाच्या, वर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत), छपरावर मंगलोरी कौलं. शेजारचे दोन्ही वाडे गेले. एकीकडे पार्किंगवर पाच मजले चढलेत, दुसरीकडे पत्रे ठोकून खोदकाम चालू आहे. पुढच्या खणात चाव्यांचं दुकान आणि आत तीन बिऱ्हाडं, चौघेही जुने भाडेकरू. प्रॉपर्टी कार्डावर सात वारस, त्यातला एक परदेशी. शनिवारवाड्याच्या तटापासून सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे मीटर भरेल.

पाडायचा विचार नाही. खाली अभ्यासिका, वर राहणं, असा बेत आहे. मालक मंडळी मात्र बिल्डरच्या दराने बोलतात. कागदात काय बघावं, लाकडात काय बघावं आणि हे व्यवहारात बसतं का, यावर जाणकारांनी लिहावं.

खवट_पुणेकर
आधी दारावरची पाटी वाचा. "वाडा विकणे आहे. बघायला येणाऱ्यांनी पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नये" असं असेल तर मालक खरा आणि कागद चोख.

इंडेक्स_दोन
कागदांपासून सुरुवात करू.

सिटी सर्व्हे नंबरवरून नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा अद्ययावत उतारा घ्या आणि त्यावरचा सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते वाचा. जुन्या पेठांत इनामाची किंवा देवस्थानाची जागा निघते. तसं असेल तर परवानगी आणि नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) प्रश्न वेगळा. फेरफाराच्या सगळ्या नोंदी मुळापर्यंत जाऊन बघा. कार्ड म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, त्यामुळे कार्डावर सातच नावं आहेत म्हणून वारस सातच, असं धरू नका. बहिणींची नावं लावलेलीच नसतात. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ च्या दुरुस्तीने हक्क मिळाला, केंद्राच्या कायद्यात तो २००५ ला आला. "बहिणींनी तोंडी सोडलंय" याला किंमत शून्य. नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही हवी.

परदेशी वारसाचं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं असावं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला असावा. आणि एक गोष्ट नेहमी सुटते. ५० लाखांच्या वर व्यवहार असेल तर निवासी वारसांच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. अनिवासी वारसाच्या हिश्शाला हा १ टक्का लागू नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने कपात करावी लागते, किंवा त्याने आधी कमी कपातीचं प्रमाणपत्र आणायचं. कापला नाही तर आयकर खातं खरेदीदाराला धरतं.

सर्च रिपोर्ट (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध) तीस वर्षांचा घ्या, जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्या, ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वारसाच्या नावाने दावे शोधा.

दिंडीदरवाजा
वरच्या यादीत भर. मिळकतकराची थकबाकी हा मिळकतीवरचा बोजा असतो, मालक बदलला तरी मिळकतीबरोबर चालत येतो. महावितरणचंही तेच. बंद पडलेल्या मीटरवरची बाकी निघाली की नव्या जोडणीला अडवतात. वाड्यात जितकी बिऱ्हाडं होऊन गेली तितके ग्राहक क्रमांक असतात, म्हणून चालू आणि बंद असे सगळे क्रमांक मागून घ्या.

कुंभारवेस
माजघर, तटापासूनचं ते दीडशे-पावणेदोनशे मीटर नकाशावर बोट ठेवून मोजू नका. शनिवारवाडा हे केंद्र संरक्षित स्मारक. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढं परवानगीने. नियंत्रित पट्ट्यात बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते आणि उंचीवर बंधन येऊ शकतं. तुम्ही नियंत्रित पट्ट्यात दिसता, पण अधिकृत मोजणी करून घ्या.

नदीच्या बाजूला असाल तर मुठेची निळी आणि लाल पूररेषाही (पुराचं पाणी कुठवर येतं त्या आखलेल्या हद्दी) नकाशावर बघा. शिवाय महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का, असल्यास श्रेणी कोणती, हे लेखी विचारा. यादीत असेल तर दर्शनी भागाची साधी खिडकी बदलायलाही वारसा समिती मधे येते.

गच्ची
कुंभारवेस यांच्या माहितीचा व्यवहारातला अर्थ असा की बिल्डरला जे नडतं तेच माजघर यांच्या पथ्यावर पडतं. पंधरा फुटी बोळ म्हणजे साडेचार मीटर. रस्त्याच्या रुंदीवर चटईक्षेत्र (किती बांधता येईल ते) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) ठरतो, त्यामुळे इथे इमारत उंच जाणार नाही. समोरून रस्तारुंदीची रेषा जात असेल तर पाडून बांधताना पुढची पट्टी पालिकेला द्यावी लागेल. चार भाडेकरूंना जागा देऊन उरणार काय? स्मारकाच्या परवानगीचा वेळ वेगळाच.

म्हणजे मालक चटईक्षेत्राचा भाव मागतायत, जे या जागेवर पूर्ण वापरताच येत नाही. आर्किटेक्टकडून लेखी "इथे किती बांधता येईल" हा तक्ता करून घ्या आणि तो कागद टेबलावर ठेवूनच बोलणी करा. रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) खाली मात्र फार जाऊ नका, मुद्रांक रेडीरेकनरवरच लागतो आणि आयकरातही फरक १० टक्क्यांच्या वर गेला की दोन्ही बाजूंना त्रास.

पेठकर_शंभर
मेट्रोमुळे भाव वाढलेत, ते मालक खाली आणणार नाहीत. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई स्थानकं चालत अंतरावर. तेव्हापासून प्रत्येक वाडेवाला "मेट्रो टच".

गच्ची
@पेठकर_शंभर, स्थानकाजवळच्या वाढीव चटईक्षेत्रालाही रस्त्याची रुंदी लागतेच. बोळात तो फायदा कागदावरच राहतो. उलट बोगद्याच्या रेषेजवळ असाल तर खोल पाया किंवा बोअर घ्यायला महामेट्रोचं ना-हरकत आणावं लागतं.

वकिली_चष्मा
भाडेकरू हा या व्यवहाराचा गाभा आहे आणि वर त्यावर एकच ओळ आली.

वाडा घेतला की भाडेकरूंसकट घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) त्यांना पूर्ण संरक्षण देतो, मालक बदलल्याने काहीही बदलत नाही. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, इतकंच. "स्वतःच्या गरजेसाठी" कलम १६ खाली दावा करता येतो, पण गरज प्रामाणिक आणि वाजवी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि जास्त हाल कुणाचे होतील हेही न्यायालय तोलतं. दावा लघुवाद न्यायालयात. त्याचा निकाल किती वर्षांत, हा आकडा धरून व्यवहार करू नका.

दोन सापळे. पहिला, मालक म्हणतात "आम्ही रिकामा करून देतो". मग भाडेहक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, त्यावर घरातल्या हक्कदार व्यक्तींच्या सह्या आणि प्रत्यक्ष ताबा, हे तिन्ही खरेदीखताच्या आधी हवं. नोटरीच्या कागदावर थांबू नका. दुसरा, "पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आणू, आपोआप मोकळा होईल". महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस आली, इमारत पाडली, तरी भाडेहक्क संपत नाही. २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे. वर अशी नोटीस मागून आणली की तुमचा दुरुस्तीचा बेतच बुडतो, कारण मग वाडा कागदोपत्री "पाडण्यायोग्य" होतो.

खवट_पुणेकर
तीन बिऱ्हाडं आणि चाव्यांचं दुकान. म्हणजे वाड्याला कुलूप लागणं कठीण.

उंबरठा_नऊ
वकिली_चष्मा, सगळ्यांनाच बाहेर काढायचा विचार कशाला? दुकान ठेवावं, दोन बिऱ्हाडं मागच्या सोप्यात एकत्र बसवावीत, त्यांना स्वतंत्र संडास-न्हाणी करून द्यावी. सामाईक संडासावर दिवस काढणारी माणसं या बदल्यात आनंदाने खोली बदलतात.

वकिली_चष्मा
चालेल, फक्त जागेची अदलाबदल लेखी आणि नोंदणीकृत हवी. नव्या खोलीचं क्षेत्रफळ, भाडं आणि जुन्या खोलीवरचा हक्क सोडल्याचं वाक्य, तिन्ही त्यात हवंत. सर्व भाडेकरूंकडून "यापुढे भाडं नव्या मालकास देऊ" असं पत्र खरेदीच्या दिवशीच घ्या आणि जुन्या मालकाकडून भाडेपावत्यांची स्थळप्रत. पोटभाडेकरू शिरलेला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

ओळंबा
आता लाकूड-माती. वाडा बघायला जुलैत जा, दोन दिवस संततधार झाल्यावर. उन्हाळ्यात सगळे वाडे देखणे दिसतात.

बरोबर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), पाण्याची नळी, बॅटरी, जाड स्क्रूड्रायव्हर आणि लाकडी हातोडी न्या. क्रम असा ठेवा.

खांबाचा तळचा फूटभर भाग. मूळ वाड्यात खांब दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) असतो आणि तळखडा जमिनीच्या वर दिसतो. पुढे कोणीतरी शहाबादी घालतं, त्यावर कोबा, त्यावर टाइल. जमीन चार-सहा इंच वर येते आणि तळखडा गाडला जातो. मग खांबाचं तोंड ओलीत बसतं आणि आतून भुसा होतं, बाहेरून तेलरंग चकचकीत. हातोडीने ठोका, पोकळ आवाज आला की स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्धा इंच सहज शिरला तर तो खांब दुरुस्तीच्या यादीत.

तुळयांची भिंतीतली टोकं. न्हाणी किंवा मागाहून केलेला माडीवरचा संडास जिथे आहे त्याखालची तुळई आधी बघा. कडीपाटावर काळे-पांढरे ओघळ दिसले की टोक गेलं असं धरून चला.

भिंतीचं पोट. या भिंती दोन पदरी असतात. बाहेर एक पदर, आत एक, मधे माती-खडीची भर. पाणी आत मुरलं की भर फुगते आणि बाहेरचा पदर सुटतो. वरपासून ओळंबा सोडून प्रत्येक फुटावर अंतर मोजा.

तुळयांना बाक असेल तर घाबरू नका, दीडशे-दोनशे वर्षांच्या सागाला तो असतोच. बाक वाढतोय का, हा प्रश्न. भेगांवर काचेच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलतेय.

रंधा
खांबाचा तळ गेला म्हणजे खांब गेला असं नाही. दोन्ही बाजूंच्या तुळयांखाली लोखंडी प्रॉप आणि स्क्रू जॅक लावून भार उचलायचा. उचलायचा म्हणजे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, घाई केली की वरचे सांधे निखळतात आणि माडीच्या भिंतीला भेगा जातात. सडका भाग कापून निरोगी लाकडापासून लांब तिरकस सांध्याने जुन्याच सागाचा तुकडा जोडायचा, सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट, आरपार बोल्ट. खाली तळखडा उंच करून घ्यायचा, म्हणजे लाकूड पुन्हा जमिनीला टेकणार नाही. तुळईच्या टोकाला दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट.

नवा साग जुन्याला जोडू नका. तो आकसतो आणि सांधा सैल पडतो. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड बाजारात मिळतं.

पेठकर_शंभर
त्यावरून आठवलं, हेच लाकूड व्यापारी विसार (आगाऊ रक्कम) आणि खरेदीखताच्या मधल्या काळात मालकाकडे फिरकतात. नक्षीचे हस्त, दिंडीची चौकट, गणेशपट्टी, झोपाळ्याच्या कड्या आधी जातात. साठेखताला (खरेदीआधीच्या कराराला) फोटोंसकट यादी जोडा, प्रत्येक खांबाला क्रमांक द्या.

शहाबादी
माडीच्या वजनाचा हिशोब कोणी करत नाही. कडीपाटावर साधारण सहा इंच माती असते. म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास. दहा बाय बाराच्या खोलीत पावणेतीन टन. त्यावर इंचभर शहाबादी म्हणजे आणखी पाऊण टन, टाइलचा थर वेगळा. राहत्या घरासाठी आपल्या मानकात माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे दोनशे किलो धरतात. वाचनालयाच्या खोलीला, पुस्तकं तिथेच ठेवणार असाल तर, ४. तेव्हा माजघर, अभ्यासिका तळमजल्यावरच ठेवलीत ते बरोबर. पुस्तकांची कपाटं माडीवर अजिबात नेऊ नका.

माझं मत : माती काढून टाकावी, वर प्लाय आणि हलकी फरशी. तुळयांचा भार निम्म्याहून कमी होतो.

चुनखडी
शहाबादी यांच्याशी अर्धा सहमत. टाइल आणि जास्तीचे थर काढा, माती सगळी काढू नका. माती गेली की वरच्या पावलांचा आवाज थेट खाली येतो, अभ्यासिकेवर तेच नको. उन्हाळ्यातला गारवाही मातीमुळे. तीन इंचांवर आणून वर चुन्याचा पातळ कोबा करावा.

आणि भिंतींचं सिमेंट! पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या ठोकळ्यांच्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, लोणा (क्षार) धरतो, एका पावसाळ्यात गिलावा मातीचा पापुद्रा घेऊन खाली. ते सगळं खरवडावं लागेल. चुना निदान तीन आठवडे पाण्यात मुरलेला, एक भाग चुना, अडीच-तीन भाग चाळलेली वाळू, ओल असलेल्या ठिकाणी वाळूतला काही भाग विटांची सुरखी (भुकटी). एका थराची जाडी १०-१२ मिलिमीटर, त्याहून जास्त एकदम चढवला की तडकतो. आठवडाभर ओलं गोणपाट. ठेकेदार "जरासं सिमेंट टाकतो, लवकर धरेल" म्हणेल. त्याला टाकू देऊ नका.

रंधा
वाळवीचं राहिलं. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटर पाण्याला २.१ मिली. जोत्याच्या कडेने १२ मिलिमीटरची भोकं, फूट-फूट अंतरावर, भोकाला लिटरभर. पण ही रीत विटा-काँक्रीटच्या घरांसाठी लिहिलेली. मातीच्या भिंतीत लिटरनी पाणी सोडलं तर वाळवी मरेल आणि भिंत बसेल. भोकं फक्त जमिनीत, भिंतीपासून थोडी लांब. लाकडाला पाण्यातलं औषध नको, तेलातलं ब्रशने द्या, दोन हात.

कुंभारवेस
एक अवांतर पण कामाचं. शनिवार-नारायणात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचं पाणी घरांत होतं. मातीच्या भिंती विरघळून बसल्या आणि नंतर घाईने विटा-सिमेंटमध्ये उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे एकाच वाड्यात खाली सिमेंटची भिंत, वर मातीची, असं सापडतं. दोन्ही वेगवेगळ्या हलतात, भेग नेमकी त्या जोडावर. चुनखडी यांचा गिलावा कुठे आणि सिमेंट कुठे, हे ठरवायच्या आधी प्रत्येक भिंत दोन-तीन ठिकाणी टोकरून बघा.

दिंडीदरवाजा
अवांतरात भर : आड बुजवू नका, स्वच्छ करा. छपराचं पाणी पन्हळीतून गाळून त्यात सोडता येतं. काही वाड्यांना कात्रजच्या नळाचं पाणी हौदात येत असे. तसा हौद सापडला तर त्याची तोंडं कुठे जातात हे बघितल्याशिवाय काँक्रीट ओतू नका, पाणी जोत्याखाली वळतं.

निळीशाई
धागा वाचनखुणेत. पण कर्जाचं काय? बहुतेक बँका इमारतीचं उरलेलं आयुष्य अभियंत्याच्या सहीने मागतात, आणि भाडेकरू म्हटलं की फाइल मिटते.

गच्ची
बरोबर. अशा व्यवहारात दुसऱ्या मिळकतीवर तारण कर्ज काढणं सोपं पडतं. मुद्रांकाचे पैसेही हिशोबात धरा. पुणे शहरात मेट्रो अधिभारासह ७ टक्के, निवासी मिळकत स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क ३० हजारांच्या वर जात नाही.

ओळंबा
सगळ्यात तातडीचं मात्र कोणी बोललंच नाही. शेजारी खोदकाम चालू आहे. या वाड्यांचा पाया तीन-चार फूट दगड-माती, त्याखाली मुरूम. शेजारी पार्किंगसाठी दहा फूट खोदलं तर मुरूम बाजूने सुटतो. आणि तुमची ती भिंत बहुधा सामाईक होती. शेजारचा वाडा पडल्यावर तिच्या उघड्या अंगाला ना गिलावा ना छपराची वळचण, पाऊस थेट मातीवर. त्यात तुळयांची टोकं आहेत.

विसार देण्याआधी हे करा : त्या भिंतीचे तारखेसह फोटो, भेगांवर काचपट्ट्या, भिंतीच्या उघड्या अंगाला जाड ताडपत्री, आणि मालकांच्या सहीने पालिकेच्या बांधकाम विभागाला व शेजारच्या विकसकाला पत्र. खड्ड्याच्या कडेला आधार लावल्याशिवाय पुढे खोदू नये, असं त्यात स्पष्ट लिहा. भिंत सामाईक असल्याचा उल्लेख जुन्या वाटणीपत्रात सापडतो, कार्डावर बहुधा नसतो.

माजघर
सर्वांचे आभार. बोळाकडून बघताना ही भिंत दिसत नाही, पत्र्यांच्या फटीतून बघितल्यावर दोन तुळयांची टोकं उघडी दिसतात. मग क्रम असा धरतो : आधी भिंतीचं पत्र आणि ताडपत्री, मग कार्ड, वारस आणि भाडेपावत्या, मग आर्किटेक्टचा तक्ता घेऊन भावाची बोलणी. लाकडाची सविस्तर तपासणी साठेखताच्या आधी की नंतर?

रंधा
आधी. आणि टोचून बघायची लेखी परवानगी मालकांकडून घ्या, नाहीतर प्रत्येक भोकाचे पैसे मागतील.

इंडेक्स_दोन
हद्दीची मोजणीही त्याच सुमारास मागा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या विकसकाचा अभियंता हजर ठेवून खुणांवर त्याची सही घ्या. सामाईक भिंत कुणाच्या हद्दीत किती, हे खड्डा भरून वर स्लॅब पडल्यावर ठरवता येत नाही.

खवट_पुणेकर
आणि मोजणी एक ते चारमध्ये ठेवू नका. अधिकारी येतील, भाडेकरू दार उघडणार नाहीत.